लाइव्ह टीव्ही बघतच नाही, तरी लायसन्स काढायचं?

रेडिंगकर: इंग्लंडात येऊन दीड वर्ष झालं. घरात टीव्ही आहे, पण त्यावर फक्त नेटफ्लिक्स आणि यूट्यूब. टीव्ही लायसन्सच्या (म्हणजे टीव्ही बघायचा परवाना, ज्याच्या पैशांवर बीबीसी चालते) स्मरणपत्रांची चळत साठलीय. बायको म्हणते, भरून टाक, कटकट नको. एप्रिल २०२५ मध्येच फी वर्षाला १७४.५० पौंड झाली होती! जे बघत नाही त्याचे का भरू?

हॅरोची_मावशी: अजिबात भरू नका. पैसे टीव्हीच्या खोक्याचे नसतात, लाइव्ह बघण्याचे असतात. शिवाय बीबीसी आयप्लेअरचे, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम ऑनलाइन बघायच्या ॲपचे. सप्टेंबर २०१६ पर्यंत त्यावरचे होऊन गेलेले कार्यक्रम लायसन्सशिवाय बघता यायचे, आता नाही. हे दोन्ही नसेल तर ऑनलाइन 'गरज नाही' असं कळवून मोकळे व्हा. कोणी तपासायला आलंच, तर वॉरंट नसताना आत घ्यायची सक्ती नाही.

खडूस_काका: मावशी, जरा दमानं. रेडिंगकर, आई आल्या होत्या ना उन्हाळ्यात? यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनेल लाइव्ह लावत होत्या? मग झालं की! चॅनेल मुंबईचं असो, बघणं फोनवर असो, लायसन्स लागतंच. आयपीएलचंही तेच. सापडलात तर दंड १००० पौंडांपर्यंत. 'आम्ही लाइव्ह बघत नाही' म्हणणाऱ्यांकडे मॅचच्या दिवशी वडापाव खायला मीच जातो, म्हणून सांगतोय.

रेडिंगकर: अरे देवा. सकाळ-संध्याकाळ तेच चालू होतं.

नाटकवेडा: मला तर हा हिशेबच पटत नाही. १९७१ पासून इथे रेडिओला लायसन्स नाही, पण बीबीसीचा रेडिओ चालतो याच पैशांवर. गाडीत तो ऐकायचा आणि घरी येऊन 'आम्ही काही वापरत नाही' म्हणायचं?

हॅरोची_मावशी: मग करातून घ्या ना! लक्षाधीशाला जेवढे, तेवढेच आमच्या शेजारच्या ७८ वर्षांच्या आजींनाही? पंचाहत्तरीनंतर सगळ्यांना फुकट होतं, तेही २०२० मध्ये गेलं. आता पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांची सरकारी मदत, मिळणाऱ्यांनाच.

नाटकवेडा: करातून दिलं की बीबीसीच्या नाड्या सरकारच्या हातात. दूरदर्शन बघत वाढलेल्यांना हे मी समजावून सांगायचं?

खडूस_काका: तुमचं चालू द्या. रेडिंगकर, आई येतील तेव्हा काढा, गेल्या की रद्द करा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. नाहीतर त्यांना रेकॉर्डेड बातमीपत्रं लावून द्या.

रेडिंगकर: आत्ताच फोनवर विचारलं. म्हणाली, "शिळ्या बातम्या तू बघ."