गँगवेखाली उभी असलेली गाडी

परदेशातली चर्चं फक्त आपल्या माणसांचीच सोय बघतात, असं काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही. बंदरांवर तर अजिबात नाही. आमच्या दापोली-रत्नागिरी पट्ट्यातली कितीतरी पोरं जहाजावर आहेत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. खलाशांसाठी काम करणाऱ्या चर्चच्या संस्था बघा: १८५६ पासूनची अँग्लिकन चर्चची 'मिशन टू सीफेरर्स' काय किंवा १९२० साली ग्लासगोत सुरू झालेली कॅथलिकांची 'स्टेला मारिस' काय, यांच्या दारात कुणी धर्म विचारत नाही.

युरोपात ऐन थंडीत आमची बोट बंदराला लागली होती. शहर लांब, हातात जेमतेम चार तास. गँगवेखाली, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीखाली, अशाच एका संस्थेची व्हॅन आली, चालवायला सत्तरीच्या आजी. त्यांच्या खलाशांसाठीच्या सेंटरवर नेलं, गरम चहा दिला, वायफाय जोडून दिलं. घरी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आई रडलीच. निघताना आजींनी प्रत्येकाला हाताने विणलेली लोकरीची टोपी दिली. आमच्यातल्या एकाला नमाज पढायचा होता, त्याला शांत खोली उघडून दिली. कोविडमध्ये शोर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची मुभा, बंद झाली, तर हीच मंडळी फोनवर यादी घेऊन साबण, सिमकार्ड, औषधं गँगवेपाशी आणून ठेवायची. यातले बरेचसे स्वयंसेवक आहेत, बिनपगारी.