निवडणूक अधिकारी नेमणार कोण? (सोसायटी ग्रुप, रविवार)

अ‍ॅडमिन (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. कमिटीच्या निवडणुकीसाठी निवडणूक अधिकारी म्हणून कालच्या मीटिंगमध्ये कमिटीने एक नाव ठरवलं आहे. नाव नोटीस बोर्डावर लावलंय. कोणाची हरकत असेल तर आज रात्री ९ पर्यंत कळवावे.

बी-५०२: माझी हरकत आहे. माणसाबद्दल काहीच म्हणणं नाही, सज्जन आहेत. पण आताच्या कमिटीतले चौघे पुन्हा उभे राहणार आहेत. जे उभे राहणार त्यांनीच अधिकारी ठरवायचा, हे पटत नाही.

अ‍ॅडमिन (ए-१०१): मागच्या वेळीही कमिटीनेच नेमला होता. तेव्हा कोणी काही बोललं नाही.

बी-५०२: दादा, मागच्या वेळी बिनविरोध झाली होती. अधिकाऱ्याला कामच नव्हतं.

सी-३०१: बी-५०२ चा मुद्दा अगदी रास्त आहे. घटना लिहिली जात होती तेव्हा संविधान सभेत याच प्रश्नावर वाद झाला होता, आणि तो आजही मिटलेला नाही.

ए-२०४: ताई, तुम्ही वकील आहात, तुम्हाला माहिती असणार. पण ग्रुपवर राजकारण नको हं. मागे एकदा दोन घरांत बोलणं बंद झालं होतं.

सी-३०१: काकू, कुठल्याही पक्षाची बाजू घेणार नाही. घ्यायची गरजच नाही, कारण जो सत्तेत असतो त्याला निवडणूक आयोग आपल्या हाताशी हवा असतो, हे सगळ्यांच्या बाबतीत दिसलंय. १९४९ च्या जूनमध्ये संविधान सभेत निवडणूक आयोगाचं कलम चर्चेला आलं (आता ते कलम ३२४ आहे). मुख्य आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखंच हटवायला कठीण केलं. पण नेमायचं कोणी? शिब्बनलाल सक्सेना म्हणाले, संसदेच्या दोनतृतीयांश मतांनी नेमणूक पक्की व्हावी. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात स्वतःच मान्य केलं की नालायक, अप्रामाणिक किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी घटनेत काहीच तरतूद नसेल, तर मुदतीची हमी देऊन उपयोग नाही. आणि शेवटी कलमात आलं काय? राष्ट्रपती नेमतील, संसदेने कायदा केला तर त्याप्रमाणे. हा कायदा २०२३ पर्यंत झालाच नाही. म्हणजे ७३ वर्षं नेमणूक सरकारच्या सल्ल्यानेच होत राहिली. ज्यांनी ज्यांनी राज्य केलं त्या सगळ्यांना ही सोय चालली.

बी-५०२: पण मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन होतेच की. नेमणूक सरकारनेच केली होती, तरी त्यांनी सरकारचं ऐकलं नाही.

सी-३०१: शेषन होते म्हणूनच पुढे काय झालं ते बघ. २ ऑगस्ट १९९३ ला त्यांनी आदेश काढला की निवडणुकीच्या कामावर दिलेल्या कर्मचाऱ्यांवर आयोगाचा शिस्तीचा अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर एकही निवडणूक होणार नाही. दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, अध्यादेश निघाला आणि आणखी दोन आयुक्त नेमले गेले. तिघांचा आयोग झाला, निर्णय बहुमताने. शेषन न्यायालयात गेले, १९९५ मध्ये हरले. तिघांचा आयोग मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही, एकाच माणसाच्या हातात सगळं असू नये हेही खरंच आहे. पण आयुक्त किती आणि कोण हे सरकारच्या मनावर, हे त्या दिवशी उघड झालं. त्याआधी १९८९ मध्येही दोन आयुक्त निवडणुकीच्या तोंडावर आणले होते आणि नवीन सरकारने १९९० च्या जानेवारीत घालवले. म्हणून म्हणते, एखादा खमका माणूस लाभला यावर भागत नाही.

ए-२०४: मग आता समिती आहे ना? पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते मिळून ठरवतात असं ऐकलंय.

सी-३०१: हो काकू, पण त्या समितीचं गणित बघा. २ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश या तिघांच्या समितीने नाव सुचवावं. सुनावणी चालू असतानाच एक नेमणूक झाली होती. अधिकारी १८ नोव्हेंबर २०२२ ला स्वेच्छानिवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी आयुक्त झाले. एवढी घाई कशाची, म्हणून न्यायालयाने फाइल मागवून पाहिली होती. निकालानंतर २०२३ च्याच डिसेंबरमध्ये कायदा आला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोन सरकारचे. मार्च २०२४ मध्ये दोन नेमणुका झाल्या तेव्हा समितीतले विरोधी सदस्य अधीर रंजन चौधरी यांनी बाहेर येऊन सांगितलं की आदल्या रात्री त्यांना २१२ नावं दिली आणि बैठकीच्या जेमतेम दहा मिनिटं आधी सहा नावं हातात पडली. दहा मिनिटांत सहा माणसांची आयुष्यभराची कारकीर्द कोण तपासणार?

ए-४०१: ताई, एक विचारतो. सरन्यायाधीश कशाला हवेत त्यात? उद्या त्याच आयुक्ताविरुद्ध खटला न्यायालयातच जाणार. ज्यांनी नेमलं त्यांच्यासमोरच तक्रार कशी करायची? आणि निवडून आलेल्या सरकारला नेमणुकीचा हक्क नाही असं कसं म्हणायचं?

सी-३०१: काका, पहिला मुद्दा मला मान्य आहे, आणि सरन्यायाधीशच हवेत असा माझा हट्टही नाही. नको तर नको. मग एकमताची अट घाला. विरोधी सदस्याने होकार दिल्याशिवाय नाव पुढे जाणार नाही एवढंच. सक्सेनांची दोनतृतीयांशची सूचना त्याच जातीची होती. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. सरकारला सचिव नेमायचा हक्क आहे, राज्यपाल नेमायचा आहे. पण आयोग ज्याची परीक्षा घेतो त्यात सरकार स्वतः परीक्षार्थी असतं. २०२३ च्या कायद्याविरुद्धच्या याचिकांवर न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्थगिती द्यायला नकार दिला, त्यामुळे नेमणुका त्याच कायद्याने चालू राहिल्या.

डी-४०३: सकाळपासून वाचतोय. आता मी लिहितो. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. बहुतेक निवडणुकांना ड्यूटी. एका निवडणुकीत तालुक्याच्या गावी केंद्राध्यक्ष होतो, शाळेची खोली, बाहेर कडुनिंब. मतदान संपायच्या वेळेला रांगेत चाळीस-पन्नास माणसं होती. नियम असा की वेळ संपली की रांगेतल्या सगळ्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे यायचं, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. मी स्वतः शेवटच्या माणसापाशी जाऊन एक नंबरची चिठ्ठी दिली. तेवढ्यात एक टेम्पो आला. पंधरा-वीस माणसं उतरली आणि त्यांच्याबरोबर गावातले एक वजनदार गृहस्थ. म्हणाले, यांनाही घ्या. मी म्हटलं, वेळ संपली, चिठ्ठ्या सुरू झाल्या. ते हसले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, निवडणूक आज संपेल. तुमची नोकरी अजून बारा वर्षं आहे."

मी घेतलं नाही. सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्र बंद केलं, किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब १७-क नमुन्यात भरला, प्रत्येक प्रतिनिधीला त्याची सही-शिक्क्याची प्रत दिली. त्या दिवशी हिंमत झाली ती मी फार शूर होतो म्हणून नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २८-क कलम आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकालापर्यंत ड्यूटीवरचा प्रत्येक कर्मचारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर समजला जातो, शिस्तही आयोगाची. तेवढे दिवस मला माहीत होतं की माझा वरिष्ठ कोण आहे.

पण निकाल लागला की आपण परत सरकारचे. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, घरापासून १४० किलोमीटर. मुलगी दहावीला होती. त्या दिवसामुळेच बदली झाली हे मी कधीच सिद्ध करू शकणार नाही, आणि म्हणून कोणावर आरोपही करत नाही. पण त्यानंतर माझ्या हाताखालच्या पोरांनी काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. ताई नेमणुकीबद्दल बोलल्या ते बरोबर आहे. माझं म्हणणं, आयोगाची माणसं आयोगाची हवीत. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात आयोगाला स्वतंत्र सचिवालय द्या म्हणून सुचवलं होतं. आणि ड्यूटी केलेल्या माणसाची पुढची वर्षभर बदली करायची तर आयोगाला विचारल्याशिवाय होऊ नये, असं मला वाटतं.

ए-२०४: भाऊ, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. वहिनींनी ते वर्ष एकटीने काढलं असणार.

डी-४०३: हो. तिनेच निभावलं सगळं.

बी-५०२: काका, वाचून गप्प झालो. एक विचारायचं होतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. ड्रेनेजची तक्रार घेऊन गेलो तर नगरसेवकच नाही. तेव्हा आयोग काय करत होता?

सी-३०१: तो वेगळा आयोग रे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी राज्य निवडणूक आयोग, कलम २४३-के आणि २४३-झेडए. त्याचं स्वातंत्र्य आणखी नाजूक आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतले, आणि विरोधकांनीही त्याला साथ दिली, कारण ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक कोणालाच नको होती. ते कारण खोटं नव्हतं. आरक्षणाचा प्रश्न खराच होता. पण प्रभाग आखायची पेन्सिल सरकारकडे गेली की आयोग तारीख ठरवणार कशाच्या जोरावर? सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावे लागले.

शेजारच्या गोव्यात तर कायदा सचिवालाच राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार दिला होता. सकाळी सरकारच्या फाइलवर सही, दुपारी त्याच सरकारच्या निवडणुकीवर. १२ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेची थट्टा असल्याचं सांगून यापुढे सरकारी पदावरचा माणूस कुठल्याच राज्यात या पदावर चालणार नाही असा निकाल दिला. आंध्रमध्ये २०२० च्या मार्चमध्ये आयुक्तांनी कोरोनामुळे निवडणूक पुढे ढकलली, तर सरकारने १० एप्रिलला अध्यादेश काढून त्यांची मुदतच पाचाची तीन वर्षं केली आणि ते घरी. उच्च न्यायालयाने मे महिन्यात अध्यादेश रद्द केला तरी खुर्चीवर परत बसायला जुलैअखेर उजाडली.

ए-४०१: मुदतीवरून आठवलं. निवृत्तीनंतर आयुक्तांना दुसरं पद घ्यायला बंदी आहे का?

सी-३०१: नाही. एक मुख्य निवडणूक आयुक्त, एम. एस. गिल, पुढे राज्यसभेत गेले आणि २००८ मध्ये केंद्रात मंत्री झाले. त्यांनी पदावर असताना काही गैर केलं असं मी म्हणत नाही. पण मतदाराच्या मनात शंका यायला जागा ठेवूच नये. ही दुरुस्ती करायला एक दिवस लागेल.

अ‍ॅडमिन (ए-१०१): सगळ्यांचं वाचलं. मी स्वतः पुन्हा उभा राहणार आहे, तेव्हा कालचं नाव मी मागे घेतो. बी-५०२, तू काय सुचवतोस?

बी-५०२: चारही विंगमधून एकेक सभासद, जो उभा राहणार नाही. चौघांनी मिळून बाहेरचं एक नाव सुचवायचं आणि सगळ्या उमेदवारांनी त्यावर सही करायची. एकाचीही सही नसेल तर दुसरं नाव.

सी-३०१: मान्य.

ए-४०१: मान्य.

डी-४०३: मान्य. फक्त मतदारयादी सेक्रेटरींकडून तयार होऊन येते ती त्या अधिकाऱ्याने रजिस्टरशी स्वतः ताडून बघावी आणि आठ दिवस बोर्डावर लावावी. मागच्या यादीत बी विंगची दोन नावं राहिली होती. बिनविरोध झाली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

अ‍ॅडमिन (ए-१०१): खरंच? कुठली दोन? मी आत्ता रजिस्टर काढतो.