मदत हवी आहे: लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ, फोटोंचा क्रम पार गंडलाय (शनिवारच्या आत!)

बिटबाबा – सोमवार, ९ जून २०२५, रात्री ११:४८

लेक १४ तारखेला वर्षाची होतेय. जन्मल्यापासून रोज एक फोटो असा नेम केला होता आणि एकही दिवस चुकलेला नाही. आजवर ३६१ झाले, शुक्रवारपर्यंत ३६५ होतील. सेकंदाला १० फोटो धरले तर साडेछत्तीस सेकंदांचा व्हिडिओ. केक कापायच्या आधी हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायचाय.

एफएफएमपेगने (फोटो जोडून व्हिडिओ करणारा प्रोग्राम) जोडला. लेक पालथी पडते, बसते, रांगते, धरून उभी राहते आणि एकदम बारा दिवसांची होऊन दुपट्यात गुंडाळली जाते. फोटो काढल्याच्या तारखेने लावायचा पक्का मार्ग सांगा. फाइलची 'मॉडिफाइड' तारीख सांगू नका, त्यानेच हा घोळ झालाय. घाई आहे, मुद्द्याचं बोला.

टर्मिनलवाला – रात्री ११:५९

एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम वापर. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेली मूळ तारीख वाचायची आणि तीच फाइलचं नाव म्हणून द्यायची: आधी वर्ष, मग महिना, दिवस, वेळ. नावाने लावलं की क्रम आपोआप बरोबर. नुसते १, २, ३ असे आकडे देऊ नकोस, नाहीतर १ नंतर १० येतो, मग १००, आणि २ बिचारा पार मागे. दोन मिनिटांचं काम.

काळा_चष्मा – मंगळवार, सकाळी ७:१०

फोन कुठला? ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? सगळे फोटो एकाच फोनवरचे का? 'मुद्द्याचं बोला' म्हणणाऱ्याने निदान मुद्दा तरी पूर्ण लिहावा.

सुलभाताई – सकाळी ८:२५

बाळाला अनेक आशीर्वाद! प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार करू नका हो. आमचा नातू पहिल्या वाढदिवसाला असा काही भोकाड पसरून रडला की केक तसाच राहिला, औक्षणसुद्धा झोपेत केलं. आणि कार्यक्रम सहाच्या आत उरका. बोरन्हाण केलं होतं का?

बिटबाबा – सकाळी ९:०२

उबुंटू २४.०४, अँड्रॉइड फोन. याचा काय संबंध ते कळलं नाही, पण लिहिलं. एक्झिफटूल चालवलं. २७९ फोटोंना तारीख मिळाली, ८२ फोटोंत तारखेचा रकानाच नाही. आता?

सुलभाताई, बोरन्हाण झालं. त्याच्या फोटोला तारीख आहे.

न्यूजर्सीकर – सकाळी ९:३०

कशाला एवढा खटाटोप? सगळे गूगल फोटोजवर चढव, तो चेहरा ओळखून आपोआप व्हिडिओ करून देतो. आम्ही दोन्ही मुलांचे तसेच केले. छापील अल्बमही मागवला, आजी-आजोबा अजून उघडून बघतात.

काळा_चष्मा – सकाळी ९:४१

म्हणजे पोरीला कळायच्या आत तिचा वर्षभराचा चेहरा परक्या कंपनीच्या हवाली. वा.

न्यूजर्सीकर – सकाळी ९:४४

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये काय आहे हो? कंदील?

टर्मिनलवाला – सकाळी ९:५८

भांडा, पण फोटोत तारीखच नसेल तर गूगलला काय स्वप्न पडणार आहे? तोही चढवलेल्या फाइलवरून काहीतरी अंदाज ठोकणार.

दुपारची_झोप – दुपारी १:१५

त्या ८२ फाइलींची नावं कशी आहेत? शेवटी 'डब्ल्यूए' आणि पुढे चार आकडे?

बिटबाबा – दुपारी १:४०

हो. सगळ्यांच्या नावात २०२४०९२० आणि मग डब्ल्यूए००१७, डब्ल्यूए००१८ वगैरे. व्हॉट्सॲपवरून आलेत. सांगायचं राहिलं. बाळंतपण बायकोच्या माहेरी मिरजेला झालं, पहिले सव्वातीन महिने दोघी तिथेच होत्या. मी पुण्यात, जमेल तसा शनिवार-रविवार जायचो. मी गेलो की फोटो माझ्या फोनवर, एरवी सासऱ्यांच्या. दोघी २० सप्टेंबरला पुण्याला यायला निघाल्या, त्या दिवशी त्यांनी सगळे एकदम पाठवले.

काळा_चष्मा – दुपारी १:४६

हेच काल रात्री लिहिलं असतं तर! व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातली तारीख, जागा, सगळं पुसून टाकतं. नावातली तारीख पाठवल्याची, काढल्याची नाही. एक्झिफटूल काय, कुणीही आलं तरी त्या फाइलीत नाही ते कुठून काढणार? डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर तारखा टिकल्या असत्या. सासऱ्यांच्या फोनवरचे मूळ फोटो मागवा आणि विषय संपवा.

बिटबाबा – दुपारी २:२०

फोन केला. 'तुमच्याकडे पोचले ना, मग मी डिलीट केले, फोन भरला होता' असं म्हणाले. नऊ महिने झाले, कचरापेटीतही काही उरलेलं नाही.

दुपारची_झोप – दुपारी २:३१

मग ते ८२ अंदाजाने लावून मोकळा हो. दहा फोटो सेकंदाला पळताहेत. २२ जुलैचा आधी आला की २४चा, कुणाला कळणार आहे?

बिटबाबा – दुपारी २:३३

मला कळेल.

दुपारची_झोप – दुपारी २:३४

वहिनींना माझा नमस्कार सांग.

टर्मिनलवाला – दुपारी ३:०५

एक कल्पना. तुझ्याकडे वीकेंडचे तारीखवाले फोटो आहेत ना? त्यांच्यावर मॉडेल शिकव. चेहऱ्याचा आकार, केस, गाल मोजून बाकीच्या फोटोंचं वय दिवसांत काढायचं. पायथनमध्ये संध्याकाळभरात होईल. मी सुरुवातही केलीय.

कटिंगचहा – दुपारी ३:५२

संध्याकाळभरात म्हणे. मी बालरोग विभागात नर्स आहे, मॉडेल वगैरे काही लागत नाही. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत पडते, म्हणजे ती दिसत असेल तो फोटो अगदी सुरुवातीचा. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे बारीक गाठ येते, मग पिकल्यासारखी होते, पुढे खपली पडून व्रण राहतो. समोरच्याकडे बघून हसू लागणं दीड-दोन महिन्यांचं. सहा आणि दहा आठवड्यांच्या लसी ठरलेल्या, म्हणजे २६ जुलै आणि २३ ऑगस्टच्या आसपास. मांडीवर पट्टी दिसते का बघा. दिवस नाही, पण आठवडा नक्की मिळेल.

सुलभाताई – दुपारी ४:१०

गाठीला काही लावू नका हां.

निवांत_आजोबा – सायंकाळी ६:३०

मला संगणकातलं काही कळत नाही. बाळाच्या मागे भिंतीवर काय आहे?

बिटबाबा – सायंकाळी ७:०४

दिवाण, गोधडी, आणि वर उजव्या कोपऱ्यात कालनिर्णय. पण तिथली अक्षरं वाचता येत नाहीत, व्हॉट्सॲपने फोटो छोटे केलेत. महिन्याचं पान कुठलं ते वरच्या चित्रावरून कळतं, तारीख कशी कळणार?

निवांत_आजोबा – सायंकाळी ७:२०

मिरजेच्या घरात दुधाचा हिशेब कुठे लिहितात?

बिटबाबा – रात्री ११:३७

आजोबा, कुठे आहात, पाय धरतो.

सासरे रोज सकाळी दूध घेतलं की त्या तारखेच्या चौकटीत जाड निळ्या पेनाने किती लिटर ते लिहितात. फोटो बाळाची अंघोळ झाल्यावर, म्हणजे दूध येऊन गेल्यावर. मोठा करून पाहिला तर आकडा वाचता येत नाही, पण भरलेली चौकट आणि कोरी चौकट यातला फरक स्पष्ट दिसतो. शेवटची भरलेली चौकट हीच फोटोची तारीख! १७ जुलैला आषाढीची चौकट भरलेली आणि १८ कोरी, असा पहिला फोटो सापडला तेव्हा ओरडलोच. लेक उठली, बायकोने हाकलून दिलं, आता स्वयंपाकघरात बसून लिहितोय.

८२पैकी ६८ लागले.

टर्मिनलवाला – रात्री ११:५०

हे भारी आहे. कोपरा कापून घे, निळे पिक्सेल मोज, स्क्रिप्टने दहा मिनिटांत होईल.

बिटबाबा – बुधवार, रात्री १२:०२

हाताने केलं. पाऊण तास लागला. (स्क्रिप्ट लिहायला बसलो असतो तर शनिवार उजाडला असता, हे मलाही कबूल आहे.)

काळा_चष्मा – सकाळी ७:३०

उरलेल्या १४चं काय? आणि दूधवाला आला नाही त्या दिवशी?

बिटबाबा – सकाळी ८:४५

खाडा असला की फुली असते, तीही दिसते. १४पैकी नऊ फोटोंत कॅलेंडर आलेलंच नाही. ते कटिंगचहांच्या गाठीवरून लावतो. तीन फोटोंत ऑगस्ट उजाडला तरी जुलैचंच पान आहे, तेही काठोकाठ भरलेलं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणे पान उलटायला विसरलो होतो, ३१च्या शेजारच्या कोऱ्या जागेत लिहीत गेलो. म्हणजे ते १, २ आणि ३ ऑगस्ट. राहिले दोन. त्यात सासूबाईंनी कॅलेंडरच्या खिळ्याला टोपडं वाळत घातलंय.

न्यूजर्सीकर – सकाळी ९:१५

टोपडं कुठलं? आदल्या दिवशीच्या फोटोत तेच बाळाच्या डोक्यावर असेल. धुऊन वाळत घातलं ना.

बिटबाबा – सकाळी ९:४०

पिवळं. १२ ऑगस्टच्या फोटोत डोक्यावर आहे, १३ आणि १४ रिकामे होते. दोघांत आधीचा कुठला ते बायको सांगेल. लागले सगळे! शनिवारी दिवे चालू ठेवूनच दाखवतो, सुलभाताई.

सुलभाताई – सकाळी १०:०५

छान. खाड्याचे पैसे तुमचा मिरजेचा दूधवाला कापतो का हो? आमचा नाही कापत.