मदत हवी आहे : शाहू स्टेडियमवर कुठं बसायचं आणि संध्याकाळी गाणं कुठं ऐकायचं?

मंडळी, मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतोय, हॉस्टेलला राहतो. पुढच्या आठवड्यात नागपूरचा मावसभाऊ येतोय. त्याला वाटतं कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा आणि कुस्ती. म्हटलं, आधी शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला ये, मग बोल.

तर पहिला प्रश्न. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या पेठांतल्या संघांची मॅच असेल, तर कुठल्याच पेठेच्या नसलेल्या माणसानं कुठं बसायचं? मला खेळ बघायचाय, आणि भाऊ असा की चुकीच्या घोळक्यात बसून समोरच्यांच्या गोलला टाळ्या वाजवील. ईर्ष्या असावी, त्याशिवाय कोल्हापूरच्या फुटबॉलला चव नाही. पण त्याला धडधाकट परत पाठवायचंय. तिकीट गेटवर मिळतं, की आधी काढावं लागतं?

दुसरं, गाण्याचं. त्याला शास्त्रीय संगीताचं वेड. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यामुळं इथं रोज मैफल असते असा त्याचा समज. देवल क्लबात, म्हणजे इथल्या संगीत संस्थेत, बाहेरच्यांना बसता येईल असं काही या आठवड्यात आहे का? केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या आगीत गेलं, नाहीतर तिकडंच नेलं असतं. डीजे सुचवू नका, तो हॉस्टेलवर फुकट ऐकायला मिळतो.

आणि हो, बजेट विद्यार्थ्याचं आहे. मेस बंद असते तेव्हा मिसळीवर दिवस काढणारा माणूस आहे मी. शुक्रवारपर्यंत कळवा.