‘हा पीसी चालणार नाही’ असं ॲप म्हणालं, तर किती मनावर घ्यायचं?

कळफलक (धागाकर्ता)

घरातला लॅपटॉप २०१७ चा. आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, मध्यंतरी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली. रोजच्या कामाला ठणठणीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ टाकायचं ठरवलं आणि मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं. आधी म्हणे टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) सापडत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरलो तर ते ‘इंटेल पीटीटी’ या नावाने तिथेच झोपलेलं. उठवलं. सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरला आत घेणारी सोय) बंद होतं, तेही चालू केलं. मग शेवटचा नकार: प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत नाही.

माझं म्हणणं असं, की हे ‘नाही’ एका जातीचं नसतं. कधी नुसतं एखादं बटण बंद असतं. कधी यंत्र धडधाकट असतं, फक्त यादीत नाव नसतं. आणि कधी खरंच जमण्यासारखं नसतं: ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर विषयच संपला, विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. पण वरवर बघणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच लागतो, नवा लॅपटॉप घ्या!

उलट बाजूही बघा. आठव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेलं यंत्र या परीक्षेत पास होतं. अट फक्त ६४ जीबी जागेची आहे, डिस्क कसली हे कोणी विचारत नाही. अशा यंत्रावर ११ टाकून बघा, ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो.

तेव्हा माझा कल रुफस या मोफत साधनाने पेनड्राइव्ह बनवून, अटी वगळून ११ टाकण्याकडे आहे. तुमचं मत?

सावधपाऊल

असहमत. चालणं वेगळं, टिकणं वेगळं. अटीत न बसणाऱ्या यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहिलंय. आज दरमहाची सुरक्षा अपडेट येतात हे खरं, पण ती त्यांची मर्जी. मोठी वार्षिक आवृत्ती तर आपणहून येतच नाही. एकदा खिडकीतून घरात शिरलात की दर वर्षी खिडकीतूनच यावं लागतं.

आणि खिडकी बंदही होते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या अंगभूत आज्ञा लागतात. तोवर त्या नसलेल्या कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर ११ चालवून मिशा पिळणारे बरेच जण होते. ती यंत्रं या आवृत्तीवर बूटच होत नाहीत, तिथे रुफसही काही करू शकत नाही.

शिवाय अटीत न बसणाऱ्या यंत्रांवर कर्नल पातळीचे (विंडोजच्या गाभ्यातले) क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले, असं मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्येच सांगितलं होतं.

दीडशहाणा

त्या ५२ टक्क्यांची गंमत बघा. त्याच निवेदनात अटीत बसणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशमुक्त आहे असंही होतं. म्हणजे ढोबळ हिशेबाने ०.२ चे ०.३ झाले. आकडा खोटा नाही, पण मोठा दिसेल असा मांडलाय.

आणि यादी म्हणजे वेदवाक्य नव्हे. धागाकर्त्याचा ७२००यू सातव्या पिढीचा, म्हणून बाहेर. आठव्या पिढीचा ८२५०यू आत. दोघांचा मूळ आराखडा एकच, केबी लेक. ८२५० मध्ये दोनाऐवजी चार कोअर, एवढाच मोठा फरक. अट तर दोनच कोअरची आहे! त्याच सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू मात्र काही निवडक यंत्रांपुरता यादीत घेतला. त्या निवडक यंत्रांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ होता. पुढचं ज्याचं त्याने समजावं.

सावधपाऊल

@दीडशहाणा, तिथे कारण नव्या पद्धतीच्या, म्हणजे डीसीएच ड्रायव्हरचं दिलं होतं, तेही सांगा की. ‘मेमरी इंटिग्रिटी’ला (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सोय) लागणारी हार्डवेअरची मदत सातव्या पिढीत आहे, हे मात्र कबूल. सहाव्या पिढीत नाही, तिथे तेच काम सॉफ्टवेअरने होतं आणि वेग मार खातो. तेव्हा ‘जुनं ते सगळं चालतं’ हा सूर नको. धागाकर्ते काठावर आहेत, सगळे नसतात.

गंजलेलास्क्रू

वाद चालू द्या, पण बायोसला हात लावण्याआधी हे वाचा. मी अशाच उत्साहात टीपीएमच्या सेटिंगशी खेळलो. पुढच्या बूटला निळा पडदा: बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की द्या. डिस्क एनक्रिप्ट झालीय हेच मला ठाऊक नव्हतं. सुदैवाने की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण तो अर्धा तास शत्रूवरही येऊ नये. आधी की लिहून घ्या, बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा, मग खेळा.

दुसरं, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर बायोसमध्ये बूटची जुनी पद्धत (लेगसी) बदलून नुसती नवी (यूईएफआय) केल्यावर विंडोज उठत नाही. आधी एमबीआर२जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डिस्क बदलून घ्यावी लागते. त्याच्याही आधी बॅकअप, हे सांगायला नकोच (पण सांगावं लागतं).

पेंग्विनप्रेमी

आलोच मी! लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. काहीही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, वेब कॅमेरा सगळं तपासता येतं. चाचणी म्हणावी तर ही, यादीत नाव शोधणं नव्हे.

सावधपाऊल

आणि एक्सेलचे मॅक्रो कोण चालवणार, पेंग्विन?

पेंग्विनप्रेमी

ते नाही चालणार. मान्य.

कळफलक

सर्वांचे आभार. मिंट लाइव्ह चालवून पाहिलं. वायफाय, आवाज छान. झाकण मिटून उघडलं की मात्र पडदा काळा तो काळाच. विंडोजचं म्हणाल तर १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केलीय. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. रुफसचा बेत तूर्त बाजूला.

दीडशहाणा

म्हणजे शेवटी यादीच जिंकली.

कळफलक

यादी नाही हो. लॅपटॉप आई वापरते, बँकेचे व्यवहारही त्यावरच करते. दर वर्षी तिला फोनवरून खिडकीतून चढायला शिकवायची माझी तयारी नाही.