सीमाभागाला राज्यपालनियुक्त आमदार हवा का?

अनगोळकर (धागा सुरू करणारे)

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मंडळात सह्यांसाठी एक निवेदन फिरत होतं. मागणी अशी: कर्नाटक विधान परिषदेवर राज्यपाल जे 11 सदस्य नेमतात, त्यांतली एक जागा बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला कायमची द्यावी. बऱ्याच जणांनी सही केली. मी केली नाही. का, ते इथे मांडतो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

परिषदेत एकूण 75 जागा. 25 आमदारांकडून, 25 स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, 7 पदवीधर, 7 शिक्षक. उरलेले 11 नियुक्त. घटनेचं कलम 171 सांगतं की साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतले जाणकार नेमावेत. सही राज्यपालांची, पण नावं ठरवणार मंत्रिमंडळ. म्हणजे बेंगळुरूत ज्याचं सरकार, त्याला चालणारा मराठी माणूस आपल्या वाट्याला येणार.

एच. विश्वनाथ यांचं प्रकरण आठवा. 2019 मध्ये आमदार म्हणून अपात्र ठरले, हुणसूरची पोटनिवडणूक हरले, आणि 2020 मध्ये साहित्यिकांच्या कोट्यातून परिषदेवर आले. लोकांनी पाडलं, सरकारने उचललं. त्यांना मंत्री करायचं घाटत होतं तेव्हा उच्च न्यायालयाने अडवलं: नेमणूक झाली म्हणजे निवडून आलात असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

आणि आपला स्वतःचा अनुभव काय? 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं गेलं, महापालिका बरखास्त झाली. पण ठराव मांडता आला, तो कशाच्या जोरावर? लोकांनी निवडून दिलेलं सभागृह होतं म्हणून. नियुक्त माणसाने तसला ठराव नुसता वाचून तरी दाखवावा!

---

येळ्ळूरच्या बाई

अनगोळकर दादा, तुमचं सगळं बरोबर, पण 2018 ला समितीचे (महाराष्ट्र एकीकरण समितीचे) आमदार किती? शून्य. 2023 ला? शून्य. 2013 मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा होत्या, त्याही गेल्या. महापालिका 2021 मध्ये गेली. आता सभागृहात आमच्या मुलांबद्दल बोलणार कोण?

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षकांची जागा रिकामी झाली की भरायला वर्षं जातात, परिपत्रकं सगळी कन्नडमध्ये. कुणी म्हणेल, परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहे की तुमचा. आहे, पण त्यात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. प्राथमिकवाल्यांना नाही. आणि आमच्या खेड्यांतल्या मराठी शाळा बहुतेक प्राथमिकच. म्हणजे ज्या शाळा मरायला टेकल्यात त्यांच्या शिक्षकांना शिक्षक मतदारसंघातच मत नाही.

तत्त्व तुम्ही सांभाळा. मला सभागृहात तारांकित प्रश्न टाकणारा एक माणूस पाहिजे. कुणी का नेमेना.

---

निपाणीकर

बाईंच्या बाजूने मी. आणि ही काही जगावेगळी मागणी नव्हे. कलम 333 बघा. अँग्लो-इंडियन समाजाला पुरेसं प्रतिनिधित्व नाही असं राज्यपालांना वाटलं तर विधानसभेवर एक सदस्य नेमायची सोय होती. कर्नाटकात 224 निवडलेले आणि 225 वा तो. 2020 च्या जानेवारीत 104 व्या दुरुस्तीने ती सोय संपली, पण सत्तर वर्षं चालली ना? जम्मू-काश्मीरमध्ये तर 2023 च्या कायद्याने विस्थापित काश्मिरींसाठी दोन आणि पाकव्याप्त काश्मीरमधून आलेल्यांसाठी एक नियुक्त जागा ठेवली. मतपेटीतून ज्यांचा आवाज वर येत नाही त्यांच्यासाठी नियुक्ती, हे तत्त्व देशाने मान्य केलेलं आहे. आम्हालाच का सोवळं?

---

अनगोळकर

निपाणीकर, अँग्लो-इंडियन लोक राज्यभर विखुरलेले होते. कुठल्याच मतदारसंघात त्यांची निर्णायक मतं नव्हती. आपलं तसं आहे का? बेळगाव दक्षिण, ग्रामीण, खानापूर, इथे आपण पाडू शकतो, निवडून आणू शकतो. 2018 ला मतं नव्हती म्हणून नाही हरलो. दोन गट, दोन उमेदवार, आणि मधल्या मधे तिसरा गेला. ज्याच्या घरात धान्य आहे त्याने रेशनच्या रांगेत उभं राहू नये.

त्या 225 व्या जागेचंही ऐका. मे 2018 मध्ये भाजपच्या येडियुरप्पांना बहुमत सिद्ध करायचं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की विश्वासदर्शक ठराव होईपर्यंत अँग्लो-इंडियन सदस्य नेमू नका. का सांगावं लागलं? एका समाजाचा आवाज म्हणून ठेवलेली जागा, आणि प्रत्यक्षात तिच्याकडे बघितलं जात होतं एक मत म्हणून.

---

वकील, टिळकवाडी

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

विधानसभेतल्या नियुक्त सदस्याच्या मताने सरकारं हलतात, हे पुदुच्चेरीत दिसलं. तिथे 30 निवडलेले आणि केंद्राला तीनपर्यंत नेमता येतात. 2017 मध्ये केंद्राने तिथल्या सरकारला न विचारता तिघे नेमले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2018 मध्ये नेमणूक कायम झाली. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथलं नारायणसामी सरकार पडलं तेव्हा हे तिघे विरोधी बाकांवर होते. काश्मीरमध्ये 2024 च्या निकालाआधी हीच धास्ती होती: 90 मध्ये बहुमत 46, निपाणीकरांनी सांगितलेले तीन आणि आधीच्या कायद्यातल्या महिलांच्या दोन जागा असे पाच नियुक्त धरले की 48.

विधान परिषदेत मात्र सरकार पडत नाही. त्यामुळे अनगोळकरांची भीती इथे निम्म्याने कमी करावी. पण येळ्ळूरच्या बाईंनी हेही लक्षात घ्यावं की घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदीचा कायदा) नियुक्त सदस्याला सहा महिन्यांच्या आत कुठल्याही पक्षात जाता येतं. बहुतेक जण जातात. मग पक्षादेश आला की सीमाप्रश्न बाजूला.

आपल्या महापालिकेतली गंमत सांगतो. तिथेही सरकार जाणकार म्हणून काही सदस्य नेमतं. घटनेचं कलम 243 आर म्हणतं, त्यांना बैठकीत मत नाही. बोला, सल्ला द्या, मतदानाला हात वर करू नका. जी काळजी नगरपालिकेसाठी घेतली, ती विधान परिषदेसाठी घेतलेली नाही.

---

चंदगडी

सीमेपलीकडून बोलतोय. कर्नाटकाच्या दारात कशाला जाता? महाराष्ट्रात राज्यपालनियुक्त 12 जागा आहेत. त्यातली एक बेळगावच्या माणसाला द्या. मुंबईत सीमाप्रश्नावर तळमळून बोलणारा आमदार मिळेल. हे इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही?

---

वकील, टिळकवाडी

सुचलं असेल, पण जमत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 6: राज्यपालांनी नेमायचा माणूस त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे. निवडून यायचं तरी त्या राज्याच्या मतदारयादीत नाव लागतं. म्हणजे बेळगावचा माणूस आधी चंदगडला राहायला गेला पाहिजे. मग तो सीमाभागाचा कसला? 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आपला दावा आहे की बेळगाव महाराष्ट्राचं. तो निकाली निघेपर्यंत कायद्याच्या नजरेत आपण कर्नाटकाचे रहिवासी.

---

अनगोळकर

शिवाय मुंबईचे ते 12 म्हणजे काय प्रकरण आहे ते बघितलंच आपण. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडीने नावं पाठवली. राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही. 2022 मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने यादीच मागे घेतली. शेवटी ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. तिकडची ही तऱ्हा, आणि आपण त्यात बेळगाव घुसडणार!

---

खानापूरचा गडी

काय ओ तुम्ही नुसती कलमं सांगायलात. आमच्या गावात उतारा काढायला गेलं तर कन्नडमध्ये, वाचून घ्यायला दुसऱ्याला चहा पाजायचा. दुकानावर 60 टक्के कन्नड पाटी नसली की नोटीस. 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असले तर सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, असं ठरलंय म्हणे. आमच्या तालुक्यात किती टक्के मराठी ते सांगायला पाहिजे काय? मग हा कागद कुठं अडतोय, एवढं विचारणारा एक माणूस दिला तर तुमचं काय जातंय?

---

अनगोळकर

जातं. समितीचा आमदार विधानसौधात शिरला की सरकारला दिसायचं की याच्या मागे इतके हजार लोक आहेत. नियुक्त माणसाच्या मागे कोण? ज्याने नेमलं तो. 15 टक्क्यांचा कागद अडवणारं खातं त्याच सरकारचं. त्याने जोरात विचारलं तर पुढच्या वेळी दुसरा पाटील.

आणि उद्या सर्वोच्च न्यायालयात कर्नाटकाचा वकील उभा राहून सांगेल, या भागातल्या मराठी लोकांसाठी आम्ही राखीव जागा ठेवली आहे, ते समाधानी आहेत, त्यांनीच सह्या करून मागितली. ते निवेदन तेव्हा कुणाच्या फाइलीत असेल?

---

बैलहोंगलकर

मी घरी कन्नड बोलतो, मराठी शाळेतल्या मित्रांमुळे वाचतो. थोडं कडू बोलतो, माफ करा. तुमच्या मागणीतली विसंगती कुणी सांगत नाहीये. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळा दिन पाळायचा, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की त्याच दिवशी निषेधाचा महामेळावा घ्यायचा, आणि त्याच सरकारकडून नियुक्ती मागायची? एक काहीतरी ठरवा. राज्य मान्य असेल तर आमच्यासारखी मतं मागा. मराठी बोलणारे आमदार राष्ट्रीय पक्षांतून निवडून येतातच. खानापुरात 2018 लाही आला, 2023 लाही. मराठी मतदारांनीच निवडले ना ते?

---

येळ्ळूरच्या बाई

बैलहोंगलकर, मराठी आडनावाचा आमदार आणि मराठी शाळेसाठी भांडणारा आमदार यात फरक आहे. पक्षाचा आमदार बेंगळुरूला दुखवून आमच्या शाळेवर बोलणार नाही. तुम्हीही हे जाणता.

पण विसंगतीचं म्हणता ते एका अर्थी खरं, म्हणून सांगते. न्यायालयात दावा चालू असताना आम्ही कर भरतो, मुलांना इथल्याच परीक्षेला बसवतो, इथल्याच दवाखान्यात जातो. त्याने दावा सुटत नाही. मग परिषदेतल्या एका जागेनेच का सुटेल? अनगोळकर दादांना सांगा, सातवीतली पोरं निकालाची वाट बघत सातवीतच थांबत नाहीत.

---

निपाणीकर

👏 बाई.

---

अनगोळकर

बाई, शाळेचं दुखणं मी नाकारत नाही. पण औषध वेगळं आहे. सिक्कीममध्ये 32 पैकी एक जागा बौद्ध मठांच्या संघासाठी आहे. ती नियुक्त नाही, नोंदणी झालेल्या मठांतले भिक्षू त्यासाठी मतदान करतात. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मागायचंच असेल तर तसं मागा, मराठी मतदारांनी निवडलेला एक सदस्य. मी पहिली सही करीन.

---

वकील, टिळकवाडी

त्याला संसदेत कायदा लागेल, आणि सिक्कीमला घटनेतल्या खास त्याच्यासाठीच्या 371 एफ कलमाचा आधार होता. आपल्याला कोण देतंय?

त्यापेक्षा हाताशी असलेलं बघा. परिषदेत बेळगाव जिल्ह्यातून स्थानिक स्वराज्य संस्थांचे दोन सदस्य जातात. मतदार कोण, तर ग्रामपंचायतींपासून महापालिकेपर्यंतचे निवडलेले सदस्य. मतदान पसंतीक्रमाने. दोन जागा म्हणजे निवडून यायला एकूण वैध मतांच्या एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त लागतात, आणि दुसऱ्या पसंतीची मतंही मोजली जातात. डिसेंबर 2021 मध्ये एक काँग्रेसचा आला, दुसरा अपक्ष. सत्तेवर असलेल्या भाजपचा उमेदवार पडला. म्हणजे मोठ्या पक्षांना तिथे गृहीत धरता येत नाही. पुढची निवडणूक 2027 च्या अखेरीस.

---

खानापूरचा गडी

वकीलसाहेब, एक तृतीयांश कुठून आणायचं ओ? खानापूर, बेळगाव तालुका, निपाणी, सगळ्या पंचायतींतली मराठी मतं एक केली तरी भरत नाही. दुसरी पसंती मागायला कन्नड पंचायतींच्या दारात जायला लागणार.

---

वकील, टिळकवाडी

जायला लागणारच. पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न त्यांचाही आहे. बैलहोंगलकर, तुमच्या पंचायतीतलं कुणी मराठी अपक्षाला दुसरी पसंती देईल का?

---

बैलहोंगलकर

उमेदवार कोण आहे त्यावर. काळ्या दिनाच्या मोर्चात पुढे चालणारा असेल तर नाही. ऊसबिलासाठी कारखान्यासमोर आमच्याबरोबर बसलेला असेल तर बघू.

---

खानापूरचा गडी

तसा एक आहे आमच्यात. पण तो दोन्ही मोर्चांत असतोय.