सूची ऑनलाइन टाका म्हणे!

कपाटकिल्ली: 'वाचनालयांनी सूची ऑनलाइन टाकावी, वाचकांना अभिप्राय लिहू द्यावेत, जुनी पुस्तकं विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर, चढवावीत, नाहीतर मरा', असं काल कुणीसं इथे लिहून गेलंय. डोकंच फिरलं. तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात मी संध्याकाळची देवघेव बघते. अनुदान कधी येईल त्याचा भरवसा नाही, मानधन सांगितलं तर हसाल. दाखल नोंदवही अजून हातानेच भरतो. आणि अभिप्राय म्हणाल तर ते आधीपासून आहेत. परवा परत आलेल्या रहस्यकथेत तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने ठळक लिहिलंय, 'खुनी डॉक्टर आहे'. घ्या तुमचा सहभाग!

दूरदेशी: पोस्ट माझीच. 'मरा' नव्हतं, 'मरतील' होतं. साने गुरुजी 1950 साली गेले. कॉपीराइटची मृत्यूनंतरची 60 वर्षं धरली तर 2011 पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. हरिभाऊ आपटे तर 1919 साली गेले. आता परवानगी कुणाची मागायची? विकिस्रोतावर ओसीआर (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) जोडाक्षरांची वाट लावतो, पण लोक घरबसल्या पान तपासतात, दुसरा कुणी ते पुन्हा तपासतो. तुम्ही फक्त पुस्तक कपाटाबाहेर काढायचं.

रद्दीबहाद्दर: कपाटाबाहेर? आमच्या गावच्या वाचनालयाने काढले ना, जुने दिवाळी अंक, थेट रद्दीत! किलोवर! मी गोणीभर उचलून आणले, बायको अजून बोलत नाही. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली सुरू केलेली परंपरा, आणि जागा नाही म्हणून ही गत. चढवायचे तर आधी हे चढवा.

कपाटकिल्ली: चढवा की! एका अंकात वीस लेखक, प्रत्येकाच्या मृत्यूचं साल वेगळं, चित्रकार निराळाच. वारस कोण पुण्यात, कोण न्यू जर्सीत. नोटीस आली की दूरदेशी येणार का धावत?

दूरदेशी: अहो, मग नुसती अनुक्रमणिका टाका. कुठल्या वर्षी, कुठल्या अंकात, कुणाची कथा. एवढं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. वाचनालयांच्या सूचीत अंकाचं नाव नि साल असतं, आतलं काहीच नाही. अभ्यासक वणवण फिरतात.

अभ्यासिकावाला: टायपिंगला अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं लावा. सकाळपासून चार्जरचा प्लग अडवून बसतात.

रद्दीबहाद्दर: फुकटात? पोरं काय वेठीला धरलीत? मी स्वतः दोन अंकांच्या अनुक्रमणिका टाइप केल्यात, मान धरली.

अभ्यासिकावाला: काका, मान धरली तर गप्प झोपा. वाचनालयाचा प्रश्न होता, तुम्ही दिवाळी अंकांचं दळण लावलंत.

कपाटकिल्ली: भांडू नका. अनुक्रमणिकांचे फोटो काढून देते, त्यापुढचं एक अक्षर मी टाइप करणार नाही. परदेशातल्या विद्वानांनी करावं. अंक वरच्या फळीवर आहेत, शिडी डुगडुगते, धरायला कुणीतरी या. सोमवारी येऊ नका, बंद असतं.